कूस

रात्री अडीचच्या आसपास तो एकदाच 'ऊं' म्हणतो. मोठ्याने नाही. पलीकडच्या खोलीत झोपलेल्या सासूबाईंपर्यंत तो आवाज पोचत नाही. मला पोचतो, खरं तर तो यायच्या क्षणभर आधीच मी जागी झालेली असते. उठते, एक हात त्याच्या खांद्याखाली आणि दुसरा कमरेखाली घालते, त्याला आधी माझ्याकडे ओढून घेते आणि मग डावीकडून उजवीकडे वळवते. गुडघ्यांच्या मध्ये गोधडीची वळकटी सरकवते. खालचा हात अंगाखाली दाबला गेलाय का, कान दुमडलाय का, हे अंधारात बोटांनीच चाचपून बघते. मग तो एक लांब श्वास सोडतो आणि त्याचे खांदे सैल पडतात. पुढचा 'ऊं' साधारण पाचला.

माझा लेक ११ वर्षांचा आहे. एकतिसाव्या आठवड्यात जन्मला, वजन १४०० ग्रॅम, आणि मग काचेच्या पेटीत ४० दिवस. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं, हे नाव आम्हाला तो वर्षाचा होत आला तेव्हा कळलं. चारही हातपाय ताठ, मान अजून पुरती सावरत नाही, बोलणं नाही. हसणं आहे, रुसणं आहे, आणि रिक्षा थेरपीच्या रस्त्याला लागली की ओठ काढण्याइतकी, राजवाड्याकडे वळली की खिदळण्याइतकी साताऱ्याची ओळख आहे.

त्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही.

हे सांगितल्यावर लोक मान हलवतात, पण त्यांच्या डोळ्यांसमोर काही येत नाही हे मला दिसतं. चालता येत नाही, बोलता येत नाही, हे लगेच समजतं. कूस बदलता येत नाही म्हणजे काय, हे कळायला अवघड जातं, कारण आपण कूस बदलतो हे आपलं आपल्यालाच माहीत नसतं. रात्रीतून कितीतरी वेळा आपण हलतो, पाय ओढून घेतो, उशी उलटी करतो, आणि सकाळी म्हणतो, पडलो तसा उठलो. मी एकदा ठरवून बघितलं. उताणी पडले आणि म्हटलं, आता तासभर हलायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांत टाचा बोलायला लागल्या. मग माकडहाड. मग नाकाच्या शेंड्याला खाज. पस्तिसाव्या मिनिटाला मी उठून बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. तो तेव्हा पाच वर्षांचा होता. पाच वर्षं.

मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे शब्द हातात घेऊन उलटेपालटे करायची सवय आहे. कूस हा शब्द किती कामं करतो बघा. आपण कुशीवर वळतो, लेकराला कुशीत घेतो, गाव डोंगराच्या कुशीत वसतं. लग्नानंतर सहा वर्षांनी मला दिवस गेले तेव्हा माझी ओटी भरताना बायका म्हणाल्या, कूस उजवली गं बाई. पोट आणि बाजू, दोन्हीला एकच शब्द. पोटात होता तेव्हा तो वळायचा, हे मला नीट आठवतं. रात्री जेवण झालं की डाव्या बरगडीखाली ढुशी मारायचा आणि सगळा गोळा उजवीकडे सरकायचा. त्यानंतर त्याची प्रत्येक कूस मी बदलली आहे.

पहिली काही वर्षं आम्ही या जागरणाला नावच दिलं नव्हतं. लहान मुलं जागतातच. दात आले की झोपेल, दूध सुटलं की झोपेल, असं करत दिवस ढकलले. सासूबाईंनी सहाणेवर जायफळाचे दोन वेढे उगाळून दुधातून दिले, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, पायाच्या तळव्यांना काशाच्या वाटीने तूप चोळलं. त्यांच्यावर मी कधीच चिडले नाही. त्या रात्री दोन-दोन वाजता माझ्यासोबत बसलेल्या असायच्या; त्यांच्याकडे जे होतं ते त्या देत होत्या. चिडले ते स्वतःवर, नंतर. कारण एका औषधाच्या दुकानात मला कुणीतरी सांगितलं की सर्दीचं अमुक सिरप द्या, मुलं छान झोपतात, आणि मी ते चार रात्री दिलं. फिट्सची औषधं चालू असलेल्या मुलाला. अशी झोप आणणारी सर्दीची औषधं श्वास मंदावू शकतात आणि फीट यायला वाट मोकळी करून देऊ शकतात, हे मला खूप पुढे कळलं. हे लिहिताना अजून पोटात गोळा येतो, पण लिहिते आहे, कारण ते दुकान गावोगावी आहे. जायफळाचंही तेच. चिमूटभराने काही होत नाही म्हणतात, पण मात्रा वाढली की ते विषासारखंच वागतं, आणि 'आज जरा जास्त घाला' म्हणायची रात्र अशा घरात रोज येते.

या काळात त्याची फाईल जाड होत गेली. फाईल घेऊन आम्ही कुठे कुठे गेलो ते सांगत बसत नाही. प्रत्येक ठिकाणी चांगली माणसं भेटली, चांगले प्रश्न विचारले गेले. मान धरतो का? नजर स्थिर होते का? गिळताना ठसका लागतो का? महिन्यात फिट्स किती? 'रात्र कशी जाते?' हा प्रश्न आठ वर्षांत एकदाही आला नाही. मीच कधी धीर करून म्हणायचे, डॉक्टर, हा झोपत नाही. तर उत्तर यायचं, "अशा मुलांचं असंच असतं."

या वाक्यावर माझा राग आहे, आणि तो जायचा नाही. असंच असतं म्हणजे का असतं? ज्याला बोलता येत नाही ते लेकरू रडतंय, याचा अर्थ त्याच्या मेंदूला इजा झाली म्हणून रडतंय असा परस्पर लावून टाकायचा? दुसरं एखादं धडधाकट मूल वर्षभर रोज रात्री रडलं असतं, तर त्याचं पोट तपासलं असतं, कान तपासले असते. आमच्या मुलांच्या दुखण्यावर त्यांच्या निदानाचंच पांघरूण पडतं.

झोपेबद्दल एकदाच कुणीतरी आम्हाला लेखी काही दिलं होतं, आणि तेही झोप मोडण्यासाठी. ईईजी करायचा होता. मेंदूच्या लहरी झोपेत तपासायच्या असतात, झोप कमी पडली की लपलेली गडबड वर येते, म्हणून चिठ्ठीवर लिहिलेलं: रात्री बारापर्यंत जागं ठेवा, पहाटे चारला उठवा, येताना गाडीत झोपू देऊ नका. पुण्याला सकाळी नऊची वेळ. एरवी जो तीन-तीन वाजेपर्यंत टक्क जागा, तो नेमका त्या रात्री साडेनऊला पेंगायला लागला. आम्ही तिघांनी आळीपाळीने त्याला जागवलं. गाणी म्हटली, गार पाण्याचा हात फिरवला, नवऱ्याने खांद्यावर टाकून गच्चीत फेऱ्या मारल्या. पहाटे गाडीत खंबाटकीच्या बोगद्यातले दिवे एकामागून एक त्याच्या चेहऱ्यावरून जात होते आणि मी त्याच्या गालांवर टिचक्या मारत होते. तो रडत नव्हता. माझ्याकडे नुसता बघत होता. मग तिथे पोचल्यावर डोक्याला ती चिकट पेस्ट, वायरी, आणि तोंडात झोपेचं गोड सिरप: आता झोप. तपासणी गरजेची होती, त्यातून औषध बदललं, फिट्स आटोक्यात आल्या. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या मुलाची झोप सगळ्यांच्या उपयोगाची आहे आणि त्याच्या स्वतःच्या मालकीची नाही.

थेरपी सेंटरच्या बाहेर एक लांब बाक आहे. आत मुलांची पाऊण तासाची पाळी चालते आणि बाहेर आया बसतात. रात्रीविषयी मला जे काही पहिल्यांदा कळलं ते त्या बाकावर.

तिथे एकीची मुलगी स्वमग्न आहे, म्हणजे तिला ऑटिझम आहे. ती रात्री दोनला उठते ती उठतेच. घरभर फिरते, नळ सोडते, गॅसशी जाते. त्या आईने मुख्य दाराला अगदी वर, हात पोचणार नाही अशी कडी लावून घेतली आहे आणि ती स्वतः दाराला पाठ लावून झोपते. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांना झोपेचा त्रास असतो, काही पाहण्यांत तर हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत गेलेलं आहे. तिला मात्र वाटायचं, आपल्याच घरात हे चाललंय. खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात म्हणून तिने घरभर सतरंज्या अंथरल्या होत्या.

दुसरीचा मुलगा डाउन सिंड्रोमचा, गोड, गुटगुटीत. ती कौतुकाने सांगायची, आमचा बसल्या बसल्या झोपतो, मांडी घालून, पुढे वाकून, आणि घोरतो तर असा की भिंत हलावी. आम्ही हसायचो. घोरणं म्हणजे गाढ झोप, असंच आपल्याकडे समजतात. तो मुलगा मांडी घालून झोपत होता कारण आडवं झाल्यावर त्याचा श्वास अडत होता. या मुलांचा चेहऱ्याचा मधला भाग लहान, घशाचे स्नायू सैल, त्यात टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढलेल्या. झोपेत वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा करतो, पुन्हा डोळा लागतो, पुन्हा बंद. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर सांगून ठेवलं आहे की डाउन सिंड्रोमच्या प्रत्येक मुलाची, लक्षणं दिसोत न दिसोत, चौथ्या वर्षापर्यंत झोपेची तपासणी व्हावी. याची झाली नवव्या वर्षी. गाठी काढल्यावर तो सरळ आडवा झोपायला लागला, आणि शाळेतून 'लक्ष देत नाही' अशी चिठ्ठी यायची ती कमी झाली.

तिसरीच्या मुलाला डुशेन आहे, स्नायू झिजत जाण्याचा आजार. तो बुद्धीने हुशार, बोलका. चौदा वर्षांचा मुलगा रात्री आईला हाक मारतो, "आई, पाय." ती उठते, पाय सरळ करते. "आई, हात." ती हात हलवते. त्याला या हाका मारायची लाज वाटते, म्हणून तो कधी कधी दुखत असूनही गप्प राहतो, आणि ते तिला सकाळी त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. ती मला म्हणाली, "तुझा 'ऊं' म्हणतो ना, म्हणू दे गं. तो म्हणतोय तोवर बरं."

त्या बाकावर कुणी कुणाला उपाय सांगत नव्हतं. आम्ही एकमेकींना फक्त विचारायचो, काल किती? आणि उत्तर तासांत यायचं. काल अडीच. काल चार, पण तुकड्यातुकड्यांत. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते, असं तज्ज्ञ सांगतात. आमच्या बाकावर हा आकडा कुणी उच्चारत नसे.

तो आठ वर्षांचा असताना सेंटरवर नव्या फिजिओच्या मॅडम आल्या. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्या. पहिल्या दिवशी त्यांनी त्याचे पाय हलवून बघितले, तो कळवळला, आणि त्यांनी मला विचारलं, "रात्री कुठल्या कुशीवर रडतो?"

मला उत्तर देता येईना. आठ वर्षं मी त्याला वळवत होते, आणि मला माहीत नव्हतं.

त्या म्हणाल्या, चौदा रात्री लिहून काढा. घरी शाळेतली एक शंभरपानी वही पडली होती, ती घेतली आणि पट्टीने रेघा मारल्या. वेळ. कूस. किती वेळाने जागा झाला. कसा जागा झाला. त्या दिवशी पोट साफ झालं होतं का. फीट वाटली का ताठरणं वाटलं. हा शेवटचा रकाना मला भरता यायचा नाही, म्हणून त्यांनी सांगितलं, मोबाईलवर चित्रण करा. डोळे एका बाजूला ओढले जातात का, ओठ हलतात का, झटके तालात येतात का, ते डॉक्टर बघून सांगतील. दोन रात्री मी कंटाळले. तिसऱ्या रात्रीपासून वही उशाशी आणि पेन वहीत.

चौदाव्या दिवशी शाळेत मोकळ्या तासाला वही उघडून बसले. उजव्या कुशीवर तो दीड-दोन तास झोपत होता. डाव्या कुशीवर कधीच चाळीस मिनिटांच्या पुढे नाही. एकदाही नाही. पोट साफ न झालेल्या दिवशी सगळंच बिघडत होतं, पण डावी-उजवीचा फरक तेव्हाही होताच. माझ्याच अक्षरात, माझ्याच रेघांत, पानभर उभं राहिलं होतं ते. मी स्टाफरूममध्ये रडले, आणि ते दुःखाने होतं की सुटल्यासारखं वाटून होतं, हे अजूनही मला सांगता येत नाही.

एक्स-रे काढला. शाळेतल्या विज्ञानात आपण 'उखळीचा सांधा' शिकतो: मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत बसतो. त्याच्या डाव्या खुब्याचा गोळा ४६ टक्के वाटीच्या बाहेर आला होता. मांडीचे ताठ स्नायू हाडाला सतत आत-वर ओढतात, आणि मूल पायांवर उभं राहत नाही म्हणून वाटीही खोलगट होत नाही. गोळा हळूहळू, महिन्यांगणिक सरकत जातो. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तीनातल्या एका मुलाचा खुबा असा सरकतो, आणि माझ्या लेकासारखी जी मुलं आधाराशिवाय बसूही शकत नाहीत, त्यांच्यात तर दहातल्या नऊ जणांचा. सुरुवातीला हे दुखत नाही, दिसत नाही. ठरावीक अंतराने एक्स-रे काढत राहणं एवढाच ते पकडायचा मार्ग. स्वीडनच्या दक्षिण भागात १९९४ पासून अशा प्रत्येक मुलाची नोंद ठेवून ठरल्या वेळी एक्स-रे काढतात, आणि तिथे खुबा पूर्ण निखळणं जवळपास थांबलं आहे. आमच्या फाईलीत मेंदूचे दोन एमआरआय होते. खुब्याचा एकही एक्स-रे नव्हता. काही शे रुपयांचं काम.

आणि मी रोज रात्री, नियमाने, मायेने, त्याला त्या दुखऱ्या खुब्यावर वळवत होते.

ऑपरेशन पुण्यात झालं. मांडीचं हाड कापून, वळवून, पट्टी ठोकून पुन्हा बसवलं. मग छातीपासून घोट्यांपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. त्या रात्रींबद्दल फार लिहीत नाही. पाटासारखं झालेलं लेकरू दोघांनी मिळून उचलायचं, उपडं करायचं, तासाभराने पुन्हा उताणं. पण प्लास्टर निघून दीड महिना झाला असेल, एका रात्री तो डाव्या कुशीवर चार तास झोपला. मी दर थोड्या वेळाने त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होते, त्यामुळे ती रात्र झोपेविना गेली ती माझी.

हाड जागेवर आलं म्हणून घड्याळही जागेवर आलं असं झालं नाही. डोळा लागायलाच साडेअकरा-बारा. मग मॅडमनी सुचवलेल्या बालमेंदूतज्ज्ञांकडे गेलो, वही घेऊन. त्यांनी वही पूर्ण वाचली. पानं उलटायच्या आवाजाखेरीज खोलीत काही नव्हतं. मग त्यांनी औषधाआधी संध्याकाळ विचारली. दिवेलागणीनंतर घरात किती उजेड असतो? टीव्ही कुठे आहे? मुलगा किती वाजता अंथरुणात आणि त्याच्या आधी तासभर काय चालतं?

अंधार पडला की मेंदूतली एक वाटाण्याहून लहान ग्रंथी मेलाटोनिन सोडायला लागते, आणि शरीराला रात्र झाल्याचा निरोप मिळतो. आमच्या घरात साडेदहापर्यंत ट्यूबलाईट लख्ख. टीव्ही त्याच खोलीत, कारण दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली सासूबाईंच्या कपाटाची अडगळ. मला याआधी एका ठिकाणी इंग्रजी पत्रक मिळालं होतं, त्यात लिहिलं होतं की मुलाच्या खोलीत खेळणी ठेवू नका, मुलाला त्याच्या खोलीत जागं असतानाच सोडून या. मुलाची खोली! दोन खोल्यांत चार माणसं राहतात त्या घराने या पत्रकाचं काय करायचं? आणि ज्याला कूस बदलता येत नाही त्याला एकटं कुठे सोडून यायचं? डॉक्टरांनी ते पत्रक बाजूला ठेवलं आणि म्हणाले, तुमच्याकडे तिन्हीसांजा आहेत ना, त्या परत आणा.

मग आम्ही तेच केलं. साडेसातला ट्यूब बंद, पिवळा छोटा दिवा. सासूबाईंनी त्यांच्या मालिका सोडल्या, मला एका शब्दाने न सांगता; एक दिवस बघितलं तर त्या त्याच्या उशाशी बसून हरिपाठ म्हणत होत्या. रोज तेच, त्याच क्रमाने: कोमट पाण्याने अंग पुसणं, तेल, पायांना ताण देणं, औषध, हरिपाठ. ऐंशीच्या घरातल्या बाईने आपला रात्रीचा एकुलता विरंगुळा नातवाच्या झोपेसाठी दिला, याची नोंद कुठल्या फाईलीत होणार नाही म्हणून इथे करते.

मेलाटोनिन नंतर सुरू झालं, डॉक्टरांच्याच देखरेखीखाली, मोजक्या मात्रेत. मी त्याच्याबद्दल वाचत गेले. ब्रिटनमध्ये २०१२ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती, मेंदूच्या वाढीच्या अडचणी असलेली ३ ते १५ वर्षांची १४६ मुलं. आत औषधच नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा मेलाटोनिन घेणाऱ्या मुलांना झोप अर्ध्या तासाहून अधिक लवकर लागली, पण पहाटे ती जागीही लवकर झाली, आणि एकूण झोप वाढली ती सरासरी २२ मिनिटांनी. वाचणाऱ्याला वाटेल, एवढंच? मी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत होते. रात्री साडेबाराऐवजी बाराला मूल झोपलं तर तो अर्धा तास कुणाला मिळतो, हे त्या बाकावरची कुणीही सांगेल.

गोधडीबद्दलही सांगायचं आहे. स्वमग्न मुलांना जड पांघरुणाने झोप लागते असं सगळीकडे सांगतात आणि तशी पांघरुणं महाग विकतात. यावर २०१४ साली ६७ मुलांची चाचणी झाली. झोप काही वाढली नाही, पण मुलांना आणि आईबापांना ते जड पांघरूणच जास्त आवडलं. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. आजीच्या लुगड्यांची सहापदरी गोधडी अंगावर घेऊन झोपलेल्या माणसाला ते वजन काय असतं ते ठाऊक आहे. पण ज्या मुलाला पांघरूण स्वतः लोटता येत नाही त्याच्या अंगावर ते घालायचं नसतं, म्हणून आमच्या घरची गोधडी वेगळ्या कामी आली. तिची घट्ट वळकटी करून ती गुडघ्यांच्या मध्ये ठेवायची, म्हणजे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत नाहीत आणि खुबा वाटीत राहतो. दुकानातल्या फोमच्या पाचरीने त्याला घाम यायचा. लुगड्याच्या कापडाने येत नाही.

आता माझ्या झोपेबद्दल. हे लिहायला मी शेवटपर्यंत टाळलं.

एका रात्री मला आठवेना, की फिट्सचं औषध दिलं की नाही. बाटली हातात होती, चमचा ओला होता. मी तो ओला चमचा किती वेळ बघत उभी होते कुणास ठाऊक. दिलं असेल आणि पुन्हा दिलं तर? दिलं नसेल आणि सोडून दिलं तर? नवरा सेकंड शिफ्टला होता. डॉक्टरांना फोन करायला रात्रीचे सव्वाअकरा. मी शेवटी दिलं नाही, आणि रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून बसले. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या वर्गावर पर्यवेक्षण करताना उभ्या उभ्या माझा डोळा लागला आणि मी फळ्याच्या कडेवर आदळले. कपाळावरची ती खूण अजून आहे. त्या दिवशी घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, मला भीती वाटते. त्याची नाही. माझी."

त्याच्या यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, ९० टक्के लिहिलं आहे. ते टक्के मोजले तेव्हा हात बघितले, पाय बघितले, मान बघितली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींच्या काळजीवाहकाला भत्ता देण्याची गोष्ट आहे, आणि मला ती मनापासून हवी आहे, पण त्याहून आधी मला एक माणूस हवं आहे, जे आठवड्यातून एक रात्र येऊन त्याला नीट, खुबा सांभाळून वळवेल. पैसे घेऊन का होईना. दिवसाची बाई मिळते. रात्रीची, अशा मुलासाठी, आमच्या गावात अजून मिळालेली नाही. परदेशात काळजी घेणाऱ्याला थोडी रजा मिळावी अशी व्यवस्था आहे, आपल्याकडेही काही संस्था मुलांना थोड्या दिवसांसाठी ठेवून घेतात. पण मला त्याला कुठे ठेवायचा नाहीये. मला त्याच्याच शेजारी, त्याच खोलीत, एक रात्र झोपायचं आहे.

तो आता २४ किलोंचा झाला. माझ्या कंबरेच्या मणक्यात दोन ठिकाणी कुरकुर आहे. आता नवरा आणि मी वार वाटून घेतले आहेत. सोमवार, बुधवार, शनिवार त्याचे. कागदावर. प्रत्यक्षात 'ऊं' आला की मी उठतेच, आणि तो हात लावायच्या आधी मी वळवून मोकळी झालेली असते. तो म्हणायचा, "अगं, तू मला करूच देत नाहीस." मी म्हणायचे, "तुला वळकटी नीट ठेवता येत नाही." हे खरंही होतं. वह्या तीन वर्षांत सहा झाल्या, आणि सहाही माझ्याच अक्षरात.

गेल्या शनिवारी मला ताप होता. गोळी घेऊन पडले ती सकाळी सव्वासहाला, दूधवाल्याच्या घंटीने उठले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. धडपडत त्याच्याजवळ गेले. तो झोपलेला, तोंड भिंतीकडे, वळकटी जागेवर, कान सरळ. नवरा पलीकडे भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता, मांडीवर वही उघडी.

त्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. मी दिव्याखाली धरून वाचलं.

'३.१०. डावी केली. दोनदा बघितलं, दुखत नाहीये. लगेच झोपला. तुला उठवलं नाही.'